काचेची अणुरचना एक्सआरडीने कशी अभ्यासावी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

काचेवर काम करणाऱ्या बहुतेक प्रबंधांत एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तनाच्या) आलेखाखाली एकच वाक्य असतं: तीक्ष्ण शिखरं दिसत नाहीत, सबब सॅम्पल अमॉर्फस (अस्फटिक) आहे. आणि तिथेच विषय संपतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या आलेखातल्या रुंद कुबडात कोणता अणू कोणापासून किती अंतरावर आहे, त्याला शेजारी किती, ते शेजारी कोणत्या कोनात बसलेत, हे सगळं दडलेलं असतं. फक्त ते बाहेर काढायला नेहमीची पावडर-एक्सआरडीची रीत चालत नाही. ही वेगळी रीत शिकताना मला इकडची-तिकडची माहिती जोडत बसावं लागलं. तुम्हाला ते करावं लागू नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

एम.एस्सी. पातळीचं घन-अवस्था भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र झालं असेल तर पुढचं समजायला अडचण येणार नाही. उदाहरण म्हणून सगळीकडे शुद्ध सिलिका काच घेतली आहे. माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्लाही तोच: तुमची काच टेल्युराइटची असो, फॉस्फेटची असो की बोरेटची, आधी शुद्ध सिलिका या सगळ्या वाटेने शेवटपर्यंत नेऊन पाहा. तिची उत्तरं जगाला माहीत आहेत. ती तुमच्या हातून बरोबर आली की मगच स्वतःच्या काचेला हात घाला.

थोडी पार्श्वभूमी

१९३२ साली झकारियासनने मांडलं की काचेतही सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असलेले चतुष्फलक असतात, कोपऱ्यांनी जोडलेले असतात, पण जोडणीत आवर्तन नसतं. त्याच काळात काच म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांचा ढीग असंही एक मत होतं. एमआयटीमध्ये बी. ई. वॉरन यांनी क्ष-किरणांनी त्याचा निकाल लावायचा प्रयत्न केला. सिलिका काचेच्या पहिल्या कुबडाची रुंदी जर स्फटिकाच्या लहानपणामुळे आहे असं धरलं, तर स्फटिकाचा आकार साताआठ अँगस्ट्रॉम निघतो. म्हणजे क्रिस्टोबलाइटचा जेमतेम एक एकक कोश! एकाच कोशाच्या तुकड्याला स्फटिक म्हणण्यात काय अर्थ उरतो, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९६९ मध्ये मॉझी आणि वॉरन यांनी त्याच काचेची फार काळजीपूर्वक मोजणी केली: सिलिकॉन-ऑक्सिजन १.६२ अँगस्ट्रॉम, आणि सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन हा कोन १२० ते १८० अंशांत पसरलेला, सर्वाधिक १४४ अंशांपाशी.

हे सांगायचं कारण आजही लागू आहे. काचेच्या कुबडावर शेररचं सूत्र (शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणारं) लावून 'स्फटिकाचा आकार ०.८ नॅनोमीटर' असं लिहिलेलं अजून वाचायला मिळतं. ते करू नका.

हे जवळ असू द्या

साहित्य: शुद्ध सिलिकाचा नमुना (तुमच्या संस्थेत काच-फुंकणीची कार्यशाळा असेल तर क्वार्ट्झ नळीचा टाकाऊ तुकडा मागा, ती सिलिका काचच असते), अगेटचा खल, पॉलिइमाइडची म्हणजे कॅप्टॉनची बारीक नळी, घनता मोजायची सोय, कॅलिब्रेशनसाठी लँथॅनम हेक्साबोराइड किंवा सेरियम ऑक्साइड.

माहिती: सॅम्पलची प्रत्यक्ष मोजलेली घटना (कोणतं मूलद्रव्य किती प्रमाणात), घनता, नळीत भरलेल्या पावडरीचं वजन आणि लांबी, किरणांची तरंगलांबी.

सॉफ्टवेअर: क्षेत्र-डिटेक्टरच्या चित्रापासून आलेख करायला पायएफएआय किंवा डायोप्टास, दुरुस्त्या आणि रूपांतरासाठी गुड्रनएक्स किंवा पीडीएफगेटएक्स३, प्रतिकृतीसाठी आरएमसीप्रोफाइल किंवा ईपीएसआर. सगळी एकदम शिकायला जाऊ नका.

बाहेरच्या केंद्रावर जायचं असेल तर कागदपत्रं: दोन पानांचा प्रस्ताव, मार्गदर्शकांचं पत्र, संस्थेचं ओळखपत्र, सॅम्पलच्या रसायनांची आणि सुरक्षिततेची माहिती. शिसं, आर्सेनिक, थोरियम असलं काही सॅम्पलमध्ये असेल तर ते आधीच कळवा. ऐन दिवशी सांगितलं तर सॅम्पल आत जाणार नाही.

१. प्रश्न आधी ठरवा

'काचेची रचना पाहायची आहे' हा प्रश्न नाही. 'सोडियम वाढवलं की सोडियम-ऑक्सिजन अंतर बदलतं का', 'जर्मेनियमचे शेजारी चाराचे पाच होतात का', हे प्रश्न आहेत. असं का म्हणते ते दोन कारणांनी समजेल.

एक, क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, त्यामुळे जड अणू ठळक दिसतात आणि हलके फिके. सिलिकातच पाहा. अणुक्रमांकांवरून ढोबळ हिशोब केला तर एकूण संकेतात सिलिकॉन-ऑक्सिजन जोड्यांचा वाटा ५० टक्के, ऑक्सिजन-ऑक्सिजनचा २८ आणि सिलिकॉन-सिलिकॉनचा २२ टक्के येतो. तुमच्या काचेत शिसं किंवा बिस्मथ असेल तर ऑक्सिजन-ऑक्सिजन जवळपास दिसेनासं होतं. हा हिशोब मोजणीच्या आधी स्वतःच्या काचेसाठी करा, पाच मिनिटांचं काम आहे. प्रत्येक मूलद्रव्याचा अणु-अंश गुणिले अणुक्रमांक, त्यांच्या बेरजेने भागा, मग जोड्यांचे गुणाकार करा. दोन वेगळ्या मूलद्रव्यांची जोडी असेल तर दुप्पट. एखाद्या जोडीचा वाटा दोनतीन टक्केच निघाला, तर तिच्याबद्दल या पद्धतीने काही ठाम बोलता येणार नाही.

दोन, जोड्यांची संख्या झपाट्याने वाढते. दोन मूलद्रव्यांच्या काचेत तीन प्रकारच्या जोड्या, तीनच्या काचेत सहा, आणि खिडकीच्या साध्या सोडा-लाइम काचेत, फक्त चार मुख्य मूलद्रव्यं धरली तरी दहा. मोजणीतून मात्र एकच वक्र मिळतो आणि त्यात या दहाही एकमेकींवर चढलेल्या असतात.

बोरेट काचेत किती बोरॉन तीन-शेजारी आणि किती चार-शेजारी हा प्रश्न असेल, तर सरळ बोरॉन-११ च्या एनएमआरकडे जा. बोरॉन-ऑक्सिजनची ही दोन अंतरं सुमारे १.३७ आणि १.४७ अँगस्ट्रॉम आहेत आणि क्ष-किरणांना बोरॉन आधीच फिका. एक्सआरडी तिथे पूरक म्हणून ठेवा.

२. सॅम्पल

इथे घाई झाली तर पुढचं कोणतंही सॉफ्टवेअर वाचवत नाही.

घटना मोजून घ्या. बॅचमध्ये जे वजन केलं तेच काचेत आलं असं समजू नका. वितळवताना सोडियम, बोरॉन, फॉस्फरस उडतात; अॅल्युमिनाच्या मुशीतून अॅल्युमिनियम विरघळून काचेत येतं. दुरुस्त्यांचं सगळं गणित घटनेवर उभं असतं, म्हणून प्रत्यक्ष विश्लेषण हवंच. परवडत असेल तर प्लॅटिनमची मूस वापरा.

घनता आर्किमिडीजच्या पद्धतीने मोजा. फॉस्फेट किंवा अल्कली भरपूर असलेली काच पाण्यात टाकू नका, झायलीन किंवा टोल्युइन घ्या. घनतेवरून अणूंची संख्या-घनता काढावी लागते. सिलिकाचं उदाहरण: २.२० ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, रेणुभार ६०.०८, प्रत्येक सूत्रात तीन अणू, म्हणून संख्या-घनता दर घन अँगस्ट्रॉमला सुमारे ०.०६६ अणू. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे निदान तीन ठिकाणी लागेल.

दळताना अगेटचाच खल. स्टीलच्या खलातून लोखंड येतं. ओलावा धरणारी काच दळल्याबरोबर बंद करा, कारण पावडरीचा पृष्ठभाग मोठा असतो आणि शोषलेलं पाणी ऑक्सिजनच्या अंतरांत गोंधळ घालतं.

आता सर्वांत जास्त लोकांना अडकवणारा सापळा. नेहमीच्या पावडर-एक्सआरडीत सॅम्पल काचेच्या पट्टीवर पसरतात किंवा काचेच्या केशनळीत भरतात. तुम्ही मोजताय काच, आणि धारकही काच! पट्टीचं कुबड तुमच्या सॅम्पलच्या कुबडावर बसतं आणि दोन्ही वेगळी करता येत नाहीत. परावर्तन पद्धतीत मोजत असाल तर शून्य-बॅकग्राउंडची सिलिकॉन पट्टी मागा, पारगमन पद्धतीत कॅप्टॉनची नळी घ्या. यंत्र चालवणाऱ्यांना हे स्वतः सांगा, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना फक्त स्फटिकांची शिखरं हवी असतात.

३. कोणते किरण, कोणतं यंत्र

या पद्धतीत कोन थेट वापरत नाहीत, क्यू वापरतात: क्यू = ४ × पाय × साइन थीटा ÷ तरंगलांबी. आणि तुम्ही किती मोठ्या क्यूपर्यंत मोजलं यावर अंतरांची सूक्ष्मता ठरते. ढोबळ नियम: पाय भागिले कमाल क्यू इतक्या अंतरापेक्षा जवळची दोन शिखरं वेगळी दिसणार नाहीत.

आता आकडे घाला. टू-थीटा १४० अंशांपर्यंत गेलात असं धरू.

तांब्याची क्ष-किरण नळी, १.५४ अँगस्ट्रॉम: कमाल क्यू सुमारे ७.७, सूक्ष्मता ०.४१ अँगस्ट्रॉम.
मॉलिब्डेनम, ०.७१ अँगस्ट्रॉम: सुमारे १६.६, सूक्ष्मता ०.१९.
चांदी, ०.५६ अँगस्ट्रॉम: सुमारे २१, सूक्ष्मता ०.१५.
सिंक्रोट्रॉनचे ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण, ०.२१ अँगस्ट्रॉम: २५ ते ३० सहज.

सोडियम सिलिकेटमध्ये सोडियम-ऑक्सिजन सुमारे २.३ ते २.४ वर आणि ऑक्सिजन-ऑक्सिजन २.६३ वर असतं. तांब्याच्या किरणांनी ती दोन्ही कधीच सुटी होणार नाहीत, कितीही तास मोजा. आपल्याकडच्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत बहुधा तांब्याचंच यंत्र असतं. त्याचा उपयोग प्राथमिक तपासणीला करा: काच खरंच काच आहे का, एखादं तीक्ष्ण शिखर डोकं काढतंय का. सिलिकाचं पहिलं कुबड तिथे टू-थीटा २१-२२ अंशांपाशी येतं, म्हणजे क्यू सुमारे १.५. मात्र शिखर दिसलं नाही म्हणून स्फटिक नाहीतच असं छातीठोक लिहू नका. थोड्या प्रमाणातले नॅनो-आकाराचे स्फटिक कुबडात सहज लपतात. आणि काचेत लोह किंवा कोबाल्ट असेल तर तांब्याचे किरण त्यांना प्रतिदीप्त करतात आणि बॅकग्राउंड भरमसाट वाढतं.

रचनेसाठी मॉलिब्डेनम किंवा चांदीची नळी शोधा. ती बरेचदा एकल-स्फटिक विभागात किंवा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असते. याचा आणखी एक फायदा: तांब्याच्या किरणांना एक मिलिमीटर घन सिलिका जवळजवळ पूर्ण अडवते, मॉलिब्डेनमचे मात्र ४० टक्क्यांच्या आसपास आरपार जातात. शोषणाची दुरुस्ती त्यामुळे आवाक्यात राहते.

सिंक्रोट्रॉनसाठी पर्याय आहेत. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ आहे. ऊर्जा २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि तिथे विवर्तनाच्या बीमलाइन आहेत. अर्ज करण्याआधी त्या बीमलाइनवर कमाल क्यू किती मिळेल हे तिथल्या शास्त्रज्ञांना विचारा, ते उत्तर तुमच्या प्रश्नाला पुरतं का पाहा. हॅम्बुर्गच्या पेट्रा-३ वरची पी०२.१ ही बीमलाइन ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर याच कामासाठी वापरली जाते. जपानमधल्या स्प्रिंग-८ ची बीएल०४बी२ तर द्रव आणि काचांसाठी प्रसिद्धच आहे. प्रस्तावात 'आमच्याकडे यंत्र नाही' हे कारण देऊ नका. प्रयोगशाळेतल्या चांदीच्या किरणांनी काय दिसलं, काय सुटं झालं नाही, आणि म्हणून मोठा क्यू का हवा, हे आलेखासकट दाखवा. असा प्रस्ताव वाचणाऱ्याला पटतो.

४. मोजणी

किती वेगवेगळ्या मोजण्या करायच्या हे नवख्यांना कुणी सांगत नाही. निदान चार: कॅलिब्रेशनचा स्फटिक, रिकामं यंत्र, रिकामी नळी, सॅम्पल भरलेली नळी. आणि पाचवी म्हणजे शुद्ध सिलिका, अगदी त्याच मांडणीत. मधे मांडणी बदलली, डिटेक्टर हलवला, स्लिट बदलली की सगळं पुन्हा. रिकाम्या नळीवर वेळ वाचवायचा मोह फार होतो. तो आवरा, कारण मोठ्या क्यूला सॅम्पलचा संकेत इतका क्षीण असतो की वजा करायच्या आलेखातला खडखडाट थेट उत्तरात उतरतो.

प्रयोगशाळेतल्या यंत्रावर प्रत्येक कोनाला सारखा वेळ देऊ नका. क्यू वाढतो तसा विकिरणाचा जोर वेगाने उतरतो, आणि आपल्याला हव्या असलेल्या लहरी त्या उतरत्या वक्रावर एखाद-दोन टक्क्यांच्याच असतात. दहा हजार मोजले तर यादृच्छिक चूक एक टक्का, म्हणजे लहरीएवढीच. दहा लाख मोजले तर ०.१ टक्का. म्हणून कोनांचे पट्टे पाडा आणि पुढच्या पट्ट्यांना अनेक पटींनी जास्त वेळ द्या. एक सॅम्पल दिवस-दोन दिवस यंत्रावर राहू शकतं. रांगेतल्या बाकी लोकांशी आधी बोलून घ्या. मोजणी एका दमात न करता अनेक फेऱ्यांत करा. मधे वीज गेली किंवा नळीचा जोर घसरला तर फेऱ्या एकमेकांवर ठेवल्या की लगेच कळतं.

सिंक्रोट्रॉनवर क्षेत्र-डिटेक्टर असेल तर काही मिनिटांत काम होतं. तिथे खरी काळजी कॅलिब्रेशनची. सॅम्पल ते डिटेक्टर अंतरात एक टक्का चूक झाली तर तुमची सगळी अंतरं जवळपास एक टक्का सरकतात, आणि १.६१ च्या जागी १.६३ वाचून तुम्ही त्याला रचनेतला बदल समजून बसाल.

५. दुरुस्त्या

मोजलेल्या तीव्रतेतून ज्या गोष्टी काढायच्या त्या अशा: बॅकग्राउंड आणि नळी, शोषण, ध्रुवीकरण, अनेकवार विकिरण, प्रतिदीप्ती आणि कॉम्प्टन विकिरण. उरलेलं इलेक्ट्रॉन-एककात आणायचं, त्यातून अणूंचं स्वतःचं विकिरण वजा करून आकार-गुणकांनी भागायचं. हाती येतो तो रचना-गुणक, एस(क्यू).

कॉम्प्टनवर थोडं थांबते. हलक्या मूलद्रव्यांच्या काचेत क्यू १५ च्या पुढे कॉम्प्टनचा वाटा आपल्याला हव्या असलेल्या विकिरणाहून जास्त होतो. म्हणजे मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करून लहान आकडा शोधायचा. कॉम्प्टनची सैद्धांतिक मूल्यं कोष्टकांत आहेत आणि सॉफ्टवेअर ती वापरतं, पण डिटेक्टर त्यातला किती भाग पकडतो हे यंत्रावर अवलंबून असतं. मॉझी आणि वॉरन यांनी १९६९ मध्ये हे ओळखून ऱ्होडियमचे किरण आणि प्रतिदीप्तीची युक्ती वापरून कॉम्प्टन मोजणीतच गाळला होता. ती सोय नसेल तर किमान ऊर्जा-भेद करणारा डिटेक्टर आहे का ते विचारा.

सॉफ्टवेअर कोणतं? पीडीएफगेटएक्स३ पटकन चालतं आणि नळी वजा केल्यानंतरच्या दुरुस्त्या एका बहुपदीच्या जोरावर अंदाजाने करतं. शिखरांची जागा पाहायला, सॅम्पलांची तुलना करायला ते छान आहे. पण त्यातून निरपेक्ष मोजपट्टी मिळत नाही, म्हणून शेजाऱ्यांची संख्या त्यावरून छापू नका. त्यासाठी गुड्रनएक्स. त्याला घनता, नळीची जाडी, भरलेल्या पावडरीची घनता सगळं भरवावं लागतं, शिकायला आठवडे जातात. तेवढा वेळ द्यावाच.

दुरुस्ती नीट झाली का, हे पाहायच्या तीन खुणा मी कायम तपासते. मोठ्या क्यूला एस(क्यू) १ भोवती लहरतो आहे का, की हळूहळू वर किंवा खाली जातोय? लहरी क्यूसोबत विरत जातात का? आणि सर्वांत कडक परीक्षा रूपांतरानंतर, पुढच्या पायरीत.

६. अंतरांत रूपांतर

१९२७ मध्ये झर्निके आणि प्रिन्स यांनी दाखवलं की द्रवाच्या विकिरणाचं फूरिए रूपांतर केलं की अणूंमधल्या अंतरांचं वितरण मिळतं. आजही गाभा तोच. एस(क्यू) मधून १ वजा करा, क्यूने गुणा, साइन रूपांतर करा, आणि २ भागिले पायने गुणा: जी(आर) मिळतो. प्रत्येक शिखर म्हणजे वारंवार आढळणारं एक अंतर.

कडक परीक्षा ही: दोन अणू एकमेकांत घुसू शकत नाहीत, म्हणून सिलिकात १.३-१.४ अँगस्ट्रॉमच्या आत काहीच असता कामा नये. तिथे जी(आर) ही शून्यापासून खाली उतरणारी सरळ रेषा हवी आणि तिचा उतार ४ × पाय × संख्या-घनता इतका, म्हणजे सिलिकासाठी ०.८३. तिथे मोठमोठ्या लाटा दिसल्या तर दुरुस्त्या चुकल्या आहेत. मागे जा. त्या लाटा पुसून टाकायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. कारण शोधायच्या आधी ती वापरू नका.

दुसरा सापळा खोट्या शिखरांचा. मोजणी कमाल क्यूला एकदम तुटते, त्यामुळे प्रत्येक खऱ्या शिखराच्या दोन्ही बाजूंना छोट्या लहरी उठतात. त्यांच्यातलं अंतर साधारण २ × पाय ÷ कमाल क्यू. चांदीच्या किरणांनी कमाल क्यू २१ असेल तर सुमारे ०.३ अँगस्ट्रॉम. म्हणजे १.६१ च्या शिखरापासून ०.४-०.५ वर दिसणारा उंचवटा 'नवा बंध' म्हणून छापण्याआधी कमाल क्यू १८ करून पाहा, मग १६ करून पाहा. शिखर हललं तर ते खोटं. खरं शिखर जागच्या जागी राहतं, फक्त रुंद होतं. लॉर्चचं फलन (कमाल क्यूकडे जाताना आलेख हळूहळू शून्यावर आणणारं) लावलं तर लहरी दबतात, पण शिखरंही रुंदावतात. म्हणून दोन्ही आलेख शेजारी ठेवून वाचायची सवय लावा.

७. शिखरं वाचणं

सिलिकात पहिलं शिखर १.६१-१.६२ वर: सिलिकॉन-ऑक्सिजन. दुसरं २.६३ च्या आसपास: ऑक्सिजन-ऑक्सिजन. तिसरं, रुंद, ३.१ च्या आसपास: सिलिकॉन-सिलिकॉन.

पहिल्या दोन अंतरांतून लगेच कोन निघतो. २.६३ चा अर्धा भागिले १.६१ म्हणजे ०.८१७; हा अर्ध्या कोनाचा साइन, म्हणून पूर्ण कोन १०९.५ अंश. चतुष्फलकाचा कोन! स्वतःच्या मोजणीतून हा आकडा पहिल्यांदा निघतो तेव्हा झकारियासनचं चित्र समोर उभं राहतं. तिसरं शिखर रुंद का, याचं उत्तरही इथेच आहे: चतुष्फलक आतून ताठ आहेत, पण दोन चतुष्फलकांमधला कोन मोकळा आहे, आणि काचेची अव्यवस्था मुख्यतः त्या कोनात आहे.

शेजाऱ्यांची संख्या काढताना बहुतेक जण गडबडतात. पहिल्या शिखराखालचं क्षेत्रफळ म्हणजे थेट शेजारी नव्हेत. एकूण वितरणातलं (४ × पाय × संख्या-घनता × आर वर्ग या गुणकासह) क्षेत्रफळ घ्या, ऑक्सिजनच्या अणु-अंशाने गुणा आणि त्या जोडीच्या वाट्याने भागा. सिलिकात ऑक्सिजनचा अंश ०.६६७ आणि जोडीचा वाटा ०.५०, म्हणून चार शेजारी असतील तर क्षेत्रफळ ३ च्या जवळ येतं, ४ नव्हे. तीन पाहून 'सिलिकॉनला तीनच ऑक्सिजन' असं लिहू नका. तुमची सिलिका ३.८ ते ४.२ मध्ये आली तर प्रयोगशाळेच्या यंत्रासाठी मी ते चांगलं मानते, आणि तुमच्या काचेच्या उत्तराची अनिश्चितताही तेवढीच धरते. दोन दशांशांत शेजारी छापलेले पाहिले की मी आधी अनिश्चितता कुठे लिहिली आहे ते शोधते.

शिखरांना नावं देताना संदर्भ स्फटिकांचा घ्या. त्याच मूलद्रव्यांच्या स्फटिकात ते बंध किती लांबीचे आहेत, ते आधी कोष्टकात लिहून काढा. जर्मेनियम-ऑक्सिजन १.७४, चार-शेजारी अॅल्युमिनियम-ऑक्सिजन १.७५ च्या आसपास. दोन्ही एकाच काचेत असतील तर ती सुटी करण्याचा दावा सोडून द्या.

८. प्रतिकृती

साडेतीन-चार अँगस्ट्रॉमच्या पुढे सगळ्या जोड्या एकमेकींत मिसळतात आणि हाताने वाचणं संपतं. तिथे संगणकात अणूंची पेटी भरून तिचा एस(क्यू) प्रयोगाशी जुळवतात. मॅकग्रीव्ही आणि पुस्तई यांनी १९८८ मध्ये मांडलेली रिव्हर्स माँटे कार्लो ही त्यातली सर्वाधिक वापरातली रीत. सिलिकाचे ३००० अणू घेतले तर घनाची बाजू सुमारे ३५.७ अँगस्ट्रॉम हवी. ती तुमच्या मोजलेल्या घनतेवरून काढा.

ही पेटी आलेखाशी तंतोतंत जुळते, आणि तिथेच धोका आहे. तसाच आलेख देणाऱ्या पुष्कळ वेगळ्या रचना असू शकतात, आणि ही रीत त्यातल्या अधिक विस्कळीत रचनेकडे झुकते. किमान अंतरं, शेजाऱ्यांची मर्यादा ही बंधनं घाला, सुरुवात आण्विक गतिकीने तयार केलेल्या रचनेपासून करा, आणि निदान चारपाच वेगळ्या सुरुवातींतून काय सारखं राहतं तेवढंच निष्कर्षात लिहा.

९. न्यूट्रॉनची जोड

एकाच वक्रातून सहा किंवा दहा जोड्या सोडवायच्या तर दुसरी साक्ष हवी. न्यूट्रॉनांना ऑक्सिजन चांगला दिसतो, त्यामुळे क्ष-किरणांत फिक्या पडलेल्या जोड्या तिथे उठून येतात. यासाठी महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना फार लांब जावं लागत नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीवर द्रव आणि अमॉर्फस पदार्थांसाठी हाय-क्यू विवर्तनमापी आहे, आणि विद्यापीठांतल्या संशोधकांना यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत ध्रुववर काम करण्यासाठी अर्ज करता येतो. प्रवेशाची परवानगी आधीपासून काढावी लागते, तेव्हा ओळखपत्रांच्या प्रती आणि अर्ज वेळेत द्या. न्यूट्रॉनला ग्रॅमांत सॅम्पल लागतं, म्हणून काच वितळवतानाच जास्तीची करून ठेवा. पुन्हा वितळवलेली बॅच तीच काच नसते. बोरॉन असेल तर नैसर्गिक बोरॉन चालणार नाही, त्यातलं बोरॉन-१० न्यूट्रॉन गिळतं. बोरॉन-११ ने समृद्ध कच्चा माल घ्यावा लागतो आणि तो महाग असतो. अणुकचरा बंदिस्त करायला तुर्भे आणि तारापूरला बोरोसिलिकेट काच वापरतात. त्या जातीच्या काचांवर काम करायचं असेल तर हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा.

१०. लिहिताना

लेखात कमाल आणि किमान क्यू, तरंगलांबी, मोजलेली घनता, वापरलेलं फलन आणि नळीचा प्रकार द्या. जी(आर) चीही अनेक रूपं प्रचलित आहेत, म्हणून तुमची व्याख्या सूत्रासकट लिहा. नाहीतर दुसऱ्याच्या आलेखाशी तुमची तुलना होऊच शकत नाही. एस(क्यू) चा आलेख जी(आर) च्या आधी छापा, कारण जाणकार परीक्षक तोच आधी पाहतात. सिलिकाचा तुमचा स्वतःचा आलेख पुरवणीत जोडा.

कच्च्या फाइली, रिकाम्या नळीच्या मोजणीसकट, दोन ठिकाणी साठवा आणि सोबत एका साध्या मजकूर-फाइलमध्ये तारीख, नळीचा व्यास, भरलेल्या पावडरीचं वजन आणि लांबी लिहून ठेवा. दुरुस्त्या तुम्ही पुढे पुन्हा कराल, बहुधा जास्त चांगल्या सॉफ्टवेअरने, आणि तेव्हा याच चार आकड्यांची गरज पडेल.